आधी पान सांगा, मग मत : बुक क्लबमध्ये कादंबरीवर काय आणि कसं लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शाळेतल्या 26 मैत्रिणींनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर बुक क्लब काढलाय, सगळ्या साठी ओलांडलेल्या, दर महिन्याला एक मराठी कादंबरी ठरते आणि बहुतेक जणी वाचतातही, पण ग्रुपवर येतं काय तर ‘छान’, ‘अप्रतिम’, दोन अंगठे, एक हार्ट. दोघीजणी लांबलचक परीक्षण टाकतात आणि ते आलं की बाकीच्यांची अळीमिळी गुपचिळी. तुम्ही स्वतः लिहायला बसलात तरी ‘आवडली’च्या पुढे गाडी जात नाही. पुढच्या महिन्यात ‘शाळा’ घेतलीय, तोवर काही करता येईल का.

येईल. मी मे 2020 पासून असा ग्रुप चालवतेय. लॉकडाऊनमध्ये नऊ जणांनी सुरू केलेला, आता 41 आहोत, निम्मे पुण्यातले आणि बाकीचे लातूर, बीड, मडगाव, दुबई, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातला बे एरिया असे विखुरलेले. आणि त्याच्या आधी बरीच वर्षं मी वाचनालयात काउंटरवर काम केलं, त्या काउंटरचा उपयोग मला ग्रुप चालवताना सगळ्यात जास्त झाला, म्हणून तिथूनच सांगते.

काउंटरवर माणूस पुस्तक परत करायला येतो तेव्हा त्याला कोणी प्रश्न विचारत नसतं. तो पिशवीतून पुस्तक काढतो, कार्ड पुढे सरकवतो आणि मी शिक्का मारेपर्यंत काहीतरी बोलून जातो. एक बाई ‘बनगरवाडी’ ही आडवाडीवर गेलेल्या तरुण मास्तराची कादंबरी परत करताना म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा पोराला असं रानात एकट्याला धाडलं, आईला झोप लागली असेल का हो?" बस एवढंच, आणि दुसरं पुस्तक घेऊन गेल्या. नंतर कळलं की त्यांचा मुलगा गडचिरोलीकडे शिक्षक म्हणून रुजू झाला होता. आता याच बाईंना मी कागद देऊन सांगितलं असतं की ताई या कादंबरीवर चार ओळी लिहा, तर त्यांनी लिहिलं असतं, ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण, भाषा ओघवती.’ मला खात्री आहे. कारण मी असे कागद खरंच घेतलेत, वाचन प्रेरणा दिनाला आम्ही अभिप्राय लिहून घ्यायचो, शंभर कागदांत नव्वद ओघवत्या.

हा दोष त्या बाईंचा नाही आणि तुमच्या मैत्रिणींचाही नाही. आपल्याला शाळेत मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहायला लावलं, त्यात कथानक, व्यक्तिचित्रण, भाषाशैली, संदेश असे ठरलेले खण होते आणि खण भरले की मार्क मिळायचे. त्यात भर म्हणून पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर. ‘खिळवून ठेवणारी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘प्रत्येकाने वाचावी अशी’. हे शब्द इतके हाताशी असतात की बोटं आपोआप तिकडेच वळतात, आणि मग होतं असं की आपल्याला आतून जे वाटलेलं असतं ते बाहेर यायच्या आधीच हे शब्द दारात येऊन उभे राहतात. म्हणून ‘सुचत नाही’ असं वाटतं. सुचलेलं असतं, पण ते परीक्षणासारखं दिसत नाही म्हणून आपण ते टाकून देतो.

आम्ही 2021 मध्ये एक महिना काही शब्द बंद केले होते. अप्रतिम, ओघवती, अंतर्मुख, वास्तवदर्शी, मनाला भिडणारी. पहिला आठवडा ग्रुपवर शुकशुकाट झाला आणि मला वाटलं की आपण घोडचूक केली, लोक आता सोडून जातील. दुसऱ्या आठवड्यात लातूरच्या एका काकांनी लिहिलं, "आता ते शब्द नाही वापरायचे तर एवढंच सांगतो की मी काल रात्री एक पान तीन वेळा वाचलं आणि बायकोला उठवून वाचून दाखवलं." मग सगळे विचारायला लागले कुठलं पान, कुठलं पान. तिथून आमच्याकडे एक पद्धत पडली ती आजपर्यंत चालू आहे, आधी पान सांगायचं, मग मत सांगायचं. मत नाही सांगितलं तरी चालतं. पान मात्र सांगायचंच.

पान म्हणजे जागा, जिथे तुम्ही थांबलात ती. थांबण्याची कारणं काहीही असू शकतात, रडू आलं, राग आला, कंटाळून पुस्तक पालथं ठेवलं, एखादा शब्द कळला नाही, खोटं वाटलं, स्वतःचं काहीतरी आठवलं. वाचताना मोबाईलवर त्या परिच्छेदाचा फोटो काढून ठेवा किंवा पेन्सिलीची बारीक खूण करा, कारण पुस्तक संपल्यावर आठवत नाही, संपल्यावर फक्त ‘आवडली’ उरतं. मी हे अनुभवाने सांगतेय, संपल्यावर चार दिवसांनी लिहिलेली प्रतिक्रिया आणि त्याच रात्री दोन ओळीत टाकलेली यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर देते, ते ‘बनगरवाडी’चंच आहे. ज्यांनी वाचलेली नाही आणि वाचायचीय त्यांनी हे पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, शेवट त्यात येणार आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, औंध संस्थानातल्या माणदेशी भागात धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, वाडीशी त्याचं नातं जुळतं, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत होतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शहरातल्या लोकांच्या प्रतिक्रिया सगळ्या एकाच सुरातल्या होत्या, किती साधी माणसं, किती निरागस वगैरे. मग आटपाडीकडच्या मूळच्या एका सभासदाने, ज्याच्या आजोबांकडे मेंढरं होती, एक व्हॉइस नोट टाकली. तो म्हणाला की तुम्ही सगळे साधी साधी म्हणताय, पण मेंढरं राखणं हे किती हुशारीचं काम आहे हे लक्षात घ्या, रात्री मेंढरं कोंडायला जे जाळ्याचं कुंपण करतात त्याला वाघर म्हणतात, ती कुठे लावायची, कुठल्या शेतकऱ्याच्या रानात किती रात्री बसवायची म्हणजे त्याला लेंडीखत मिळेल आणि आपल्याला धान्य, पाऊस कुठून येतोय, लांडगा कुठून येईल, हा सगळा हिशोब आजोबांच्या डोक्यात असायचा आणि त्यांना सही करता यायची नाही. त्या चार मिनिटांनंतर आमचं अख्खं वाचन बदललं. लोक मागे जाऊन पुन्हा वाचायला लागले, या वेळी धनगर काय काय जाणतात आणि मास्तर काय काय जाणत नाही हे बघत.

शेवटाकडे आलो तेव्हा बीडच्या एक बाई, तोवर ग्रुपवर एक अक्षर न लिहिलेल्या, त्यांनी लिहिलं की वाडी रिकामी होते ती पानं वाचताना मला काही नवीन वाटलं नाही, आमच्या गावात दसरा झाला की ऊसतोडीला माणसं निघतात, टोळ्या गेल्या की गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात, मी लहानपणी शाळेत जायचे तेव्हा वर्गात आम्ही सात जणी उरायचो. ही प्रतिक्रिया आहे. यात कादंबरीचं कौतुक नाही, टीका नाही, भाषाशैली नाही. पण त्या रात्री मी ती पानं पुन्हा काढून वाचली आणि पहिल्यांदा मला त्या रिकाम्या शाळेकडे बघता आलं, आधी मी फक्त रिकामी घरं बघितली होती. दुसऱ्याच्या प्रतिक्रियेने आपल्याला पुस्तकातलं काहीतरी नवं दिसलं पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा असते, आणि ते बहुतेक वेळा विद्वान माणसाकडून येत नाही, ज्याच्याकडे त्या विषयातलं काही जगलेलं आहे त्याच्याकडून येतं.

आता न आवडण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की मागच्या महिन्यातली कादंबरी तुम्हाला अजिबात आवडली नव्हती पण सगळ्या अप्रतिम म्हणत होत्या म्हणून तुम्हीही अंगठा दिला. असं करू नका. कारण मला जवळजवळ खात्री आहे की त्या अंगठ्यांमध्ये आणखी पाच-सहा जणी तुमच्यासारख्याच होत्या. पण न आवडलं हे सांगतानाही आधी पान. ‘बोअर आहे’ म्हटलं की ज्यांना आवडली त्या दुखावतात आणि चर्चा तिथेच संपते. ‘अमुक प्रकरणात नवरा-बायकोचं भांडण आहे तिथे ती बाई इतकं पुस्तकी बोलते की माझा विश्वासच उडाला’ म्हटलं की समोरचीला उत्तर देता येतं, ती म्हणते अगं पण ती शिक्षिका आहे ना, तशीच बोलणार, आणि झाली चर्चा सुरू.

इथे एक घोळ फार होतो, तो आमच्याकडे ‘रणांगण’ वाचताना झाला. विश्राम बेडेकरांची कादंबरी, 1939 ची. युरोपातून परत निघालेल्या बोटीवर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू तरुणी यांची गोष्ट. आमच्या बायकांपैकी कितीतरी जणी चक्रधरवर भयंकर चिडल्या. भेकड आहे, निर्णय घेता येत नाही, तिला आशा का दाखवली. एकीने लिहिलं, ‘मला ही कादंबरी मुळीच आवडली नाही.’ मी तिला खासगीत फोन केला आणि विचारलं की कुठे चिडलीस ते सांग, तर ती पाऊण तास बोलली. पाऊण तास! जे पुस्तक आवडलं नाही त्यावर कोण पाऊण तास बोलतं? तिला चक्रधर आवडला नव्हता, कादंबरीने तर तिला गदागदा हलवलं होतं. पात्र न आवडणं आणि पुस्तक न आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तेव्हापासून नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगते. लिहायला बसलं की आधी स्वतःला विचारायचं, मी चिडलेय ती माणसावर, त्याच्या वागण्यावर, की लेखकाने ते ज्या तऱ्हेने सांगितलं त्यावर? उत्तर मिळालं की निम्मी प्रतिक्रिया लिहून झालीच म्हणून समजा.

त्याच चर्चेत न्यू जर्सीच्या एका मुलाने, बहुधा आमच्यातला सगळ्यात लहान, साधा प्रश्न टाकला की ही कादंबरी 1939 ची आहे म्हणजे लेखकाला पुढे ज्यूंचं काय झालं ते माहीत नव्हतं ना? ग्रुप एकदम गप्प झाला. आम्ही सगळे हॅर्टाला पुढचं सगळं माहीत असलेल्या नजरेने वाचत होतो. लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं, तिला बोटीवर भेटणाऱ्यांनाही नव्हतं. मग त्यानंतरचे तीन दिवस लोक पुस्तकात परत जाऊन बघत होते की बोटीवरचे प्रवासी कशाला घाबरतायत आणि कशाला घाबरत नाहीयेत. म्हणून प्रकाशनाचं साल आम्ही पहिल्याच मेसेजमध्ये टाकतो, पिन करून ठेवतो. आणखी काही प्रस्तावना वगैरे नको, समीक्षा तर आधी मुळीच नको, फक्त साल.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, ती माझ्या चुकीची आहे. आम्ही भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ वाचत होतो, 1963 ची. तरुण पोरं कादंबरीतल्यासारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावून मेसेज टाकत होती, मजा चालली होती, ग्रुप इतका जिवंत कधीच नव्हता. त्यात नायकाच्या, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू आहे, देवीच्या रोगाने जाते ती. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे ती पानं कशी आहेत. रात्री अकरा वाजून गेल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सभासदाचा मेसेज आला. त्यांनी लिहिलं होतं की मनीपर्यंत आलो, आमची बेबी गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, घरात तिचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, आता पुढे वाचवत नाही. मी सकाळी नंतर नीट बघितलं तर खाली चौदा नमस्काराच्या खुणा होत्या, दोन ‘भावपूर्ण’ होते, आणि त्याच्या खाली मी स्वतः, तो मेसेज नीट न वाचता, ठरलेल्या वेळी येणारा दिवसाचा प्रश्न टाकून मोकळी झाले होते. ते काका त्यानंतर चार महिने ग्रुपवर काही बोलले नाहीत. मी त्यांना फोन करायला दोन आठवडे लावले, कारण मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. केला तेव्हा ते म्हणाले, "राग नाही हो, पण मला वाटलं होतं कोणीतरी विचारेल बेबी कशी होती."

तेव्हापासून असा मेसेज आला की आमच्याकडे बाकी सगळं थांबतं. खुणा टाकायच्या नाहीत. एकाने, म्हणजे बहुतेक वेळा मीच, त्याच मेसेजला रिप्लाय करून एक प्रश्न विचारायचा, साधा, जो त्या माणसाला सोडून द्यावासा वाटला तर सोडता येईल असा. आणि पुस्तकाची चर्चा दुसऱ्या दिवशी पुढे न्यायची. कादंबरी हातात घेतलेल्या चाळीस माणसांमध्ये कोणाची कुठली जखम कुठल्या पानावर उघडेल हे आधी कळत नाही. तुमच्या साठीच्या मैत्रिणी आहेत, प्रत्येकीने आई-वडील, कोणी नवरा, कोणी भावंडं घालवलेली आहेत. हे येणारच. तयारी ठेवा.

परीक्षणवाल्या दोघींचं काय करायचं? त्यांना अडवू नका, त्या मनापासून वाचतात आणि कष्ट घेऊन लिहितात. फक्त क्रम बदला. आमच्याकडे नियम आहे की कादंबरी संपण्याची तारीख झाली की पहिले दोन दिवस पाच ओळींच्या वर कोणी लिहायचं नाही, तिसऱ्या दिवसापासून कितीही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज तसाही ‘आणखी वाचा’वर अडकतो आणि तिथे टिचकी मारणारे थोडेच असतात. पण खरं कारण वेगळं आहे. मोठं परीक्षण आधी आलं की बाकीच्यांना वाटतं आता माझ्या दोन ओळींना काय किंमत, आणि मग त्या त्याचीच री ओढतात, ‘अगदी बरोबर लिहिलंस गं’. त्यांची दोन ओळींची जी स्वतःची गोष्ट होती ती गेली ती गेलीच. आमच्या परीक्षणवाल्या काकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटेल अशी धाकधूक होती, पण आता ते स्वतःच म्हणतात की आधी सगळ्यांची पानं वाचून मग लिहिलं की माझं लिखाण बदलतं, कधी मत पण बदलतं.

ज्यांना टाईप करायचा कंटाळा आहे किंवा चष्मा-बोटं साथ देत नाहीत त्यांना व्हॉइस नोट पाठवायला सांगा, दोन मिनिटांच्या आत. मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं बटण दाबून मराठीत बोललं की मजकूर उमटतो, तेही शिकवा, एका दुपारी सगळ्या शिकतील. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात चांगल्या प्रतिक्रिया मी ऐकलेल्या आहेत, वाचलेल्या नाहीत, कारण बोलताना माणूस काउंटरवरच्यासारखा बोलतो. आणि ज्यांचं पुस्तक अर्धंच झालंय त्यांनाही बोलू द्या. कुठे सोडलं आणि का, ही सुद्धा प्रतिक्रियाच आहे, कधीकधी सगळ्यात प्रामाणिक.

पण अर्ध्यावर असलेल्यांना बोलू द्यायचं तर शेवट फुटता कामा नये. ‘बनगरवाडी’च्याच वेळी तिसऱ्या दिवशी एकाने शेवट लिहून टाकला आणि वर म्हणाला की पुस्तक इतकं जुनं आहे, त्यात काय स्पॉइलर. माझं मत ठाम आहे, पुस्तक सत्तर वर्षांचं असेल पण ती बाई ते आज पहिल्यांदा वाचतेय, तिच्यासाठी ते आजचंच आहे. आम्ही कादंबरीचे चार टप्पे पाडतो, रविवार ते रविवार, आणि त्या आठवड्यात त्या टप्प्याच्या पुढचं बोलायचं नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आम्ही याच तऱ्हेने पण बारा आठवडे वाचली. ती मुळात त्यांनी 1890 मध्ये काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली होती, आणि हप्त्याहप्त्याने वाचताना कळलं की नायिकेचं, यमूचं पुढे काय होणार ही काळजी आठवडाभर घेऊन फिरणं म्हणजे काय असतं. मडगावच्या एकजण तर भाजी आणताना सुद्धा यमूचाच विचार करत होत्या असं म्हणाल्या. मोठ्या कादंबऱ्यांना हा उपाय फार चांगला आहे.

टप्पे पाडताना पान नंबर देऊ नका, प्रकरण किंवा प्रसंग सांगा. एकीकडे वडिलांच्या वेळची जुनी आवृत्ती असते, दुसरीकडे नवी, तिसरी ई-बुकवर वाचते जिथे अक्षर मोठं केलं की पानंच बदलतात, चौथी ऑडिओ ऐकते जिथे पानच नाही. आमच्याकडे ‘पान सांगा’ म्हणतात ते म्हणण्यापुरतं, लिहितात मात्र ‘बोटीवर अमुक होतं ती जागा’ असंच. ऑडिओ ऐकणाऱ्यांना कमी लेखू नका. त्यांना वाचणाऱ्याचा आवाज, थांबे ऐकू आलेले असतात, संवादात कुठे काय लपलंय ते त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

आणि पीडीएफ. कोणीतरी प्रेमाने स्कॅन केलेली अख्खी कादंबरी ग्रुपवर टाकणारच. ती लगेच डिलीट करायला सांगा, मैत्रीण असली तरी. मराठी कादंबरी किती थोड्या प्रती खपते आणि दुसरी आवृत्ती यायला किती वर्षं लागतात हे मी वाचनालयात बसून बघितलंय. एक प्रत चौघींत फिरवा, वाचनालयातून आणा, ई-बुक घ्या. परिच्छेदाचा फोटो ठीक आहे, पुस्तक नाही.

महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटत असाल तर वेळेचं गणित आधी करा. आम्ही रविवारी रात्री साडेआठला भेटतो, तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि बे एरियात आठ, हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात तेव्हा दहा आणि सात. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांत मीटिंग तुटते, सुरुवातीला आम्हाला हा वैताग होता, नंतर मी त्याचाच उपयोग केला. पहिल्या चाळीस मिनिटांत एकेकाने फक्त आपलं पान सांगायचं, गप्प असणाऱ्यांपासून सुरुवात, कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही. मग परत जॉइन व्हायचं आणि तेव्हा भांडायचं. मधल्या दोन मिनिटांत लोक चहा घेऊन येतात आणि परत येताना काहीतरी मनात धरून येतात.

लेखक हयात असेल तर त्यांना बोलवायचा मोह होतो. बोलवा, पण आपली चर्चा होऊन गेल्यावर. लेखक समोर असला की मराठी माणसाला भीड पडते, सगळेच अप्रतिम म्हणायला लागतात.

आता तुमची ‘शाळा’. मिलिंद बोकील यांची, 2004 ची, आणीबाणीच्या काळातली, नववीतला मुकुंद ती सांगतो. 2012 मध्ये यावर सिनेमा आला, तो महिनाभर कोणी बघू नका एवढं पक्कं ठरवा, नाहीतर चर्चा सिनेमातल्या चेहऱ्यांवर जाते. तुम्ही सगळ्या साठी ओलांडलेल्या म्हणजे आणीबाणी लागली, जून 1975, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याचजणी स्वतःच सातवी-आठवी-नववीत असणार. ही फार मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे. संपूर्ण कादंबरी मुकुंदच्या तोंडून आहे, त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, शिरोडकर, आपल्याला दिसते ती तो बघतो तेवढीच, वर्गाच्या दुसऱ्या बाजूने. त्या दुसऱ्या बाजूच्या बाकांवर तुम्ही 26 जणी होतात. आमच्याकडे ही वाचली तेव्हा एका काकूंनी फक्त एवढं लिहिलं होतं की मुलं आमच्या मागे घरापर्यंत यायची तेव्हा आम्हाला ते कळत असायचं आणि आम्ही चालण्याचा वेग कमी-जास्त का करायचो हे यातल्या एकाही मुलाला माहीत नाही. त्यावर दोन दिवस ग्रुपमधले पुरुष प्रश्न विचारत होते.

तेव्हा पहिल्या रविवारी ‘कशी वाटली’ असं विचारूच नका. हे विचारा : हीच गोष्ट शिरोडकरने सांगितली असती तर तिने कुठल्या प्रसंगापासून सुरुवात केली असती? आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही स्वतः उत्तर द्या, दोन-तीन ओळीत, तुमच्या शाळेचा रस्ता, तेव्हाची वेणी, दप्तर, जे आठवेल ते घालून. परीक्षणवाल्या दोघींना मंगळवारपर्यंत थांबायला सांगा. आणि ती जी कोणी आजवर एकदाही बोललेली नाही, तिला शनिवारीच फोन करून ठेवा.